आबांचे तीन श्वास

टाक्यात उतरायचं कुणी, यावर त्या घरात एका शब्दानंही वाद झाला नाही. बाकी सगळ्यावर झाला. फळं किती भरायची, झाकणाला रबर कुठलं लावायचं, किती दिवस बंद ठेवायचं, यावर दोन महिने डोकेफोड चालली होती. जेवताना चालली, खाटांपाशी चालली, एकदा तर बापलेक आंघोळीच्या दारात उभे राहून भांडले. पण उतरणार कोण? आबा. त्यात विचारायचं काय? नाक त्यांचं. आणि मी म्हणतो, नेमकं तिथंच कुणीतरी तोंड उघडायला हवं होतं.

आबांचं नाक हे काय प्रकरण होतं ते आधी सांगायला हवं. दिसायला बेताचंच, टोकाला जरा वाकडं. पण डोंगरउतारावरच्या त्या तीन एकरांतली कॉफी चाळीस वर्षं त्या नाकानंच ठरवली. ह्या घरात कॉफी धुऊन काढत नसत. लालबुंद पिकलेलं फळ सालासकट, गरासकट उन्हात वाळवायचं आणि वाळता वाळता गराचा गोडवा आतल्या बीमध्ये मुरू द्यायचा. ऐकायला सोपं वाटतं. करून बघा एकदा. फळ एकाच रंगाचं वेचायचं, पाण्यात टाकून वर तरंगणारी पोचट फळं काढून टाकायची, उरलेली जाळीच्या खाटांवर पातळ थरात पसरायची आणि मग तीन-चार आठवडे, दर तासाला, दाताळ्यानं परतत राहायची. एक दुपार आळस केला की गर आंबतो. जास्त आंबला की कुजतो. आणि मूठभर कुजक्या फळांपायी पोतंभर माल वाया जातो. आंबणं कुठं संपतं आणि कुजणं कुठं सुरू होतं, हे डोळ्यांना दिसत नाही. आबांच्या नाकाला कळायचं.

त्यांची रीत ठरलेली. ढिगापुढं गुडघे टेकायचे, डोळे मिटायचे, कानांपर्यंत तोंड फळांत खुपसायचं आणि तीन श्वास घ्यायचे. असे तसे नाहीत, खांदे वर चढेपर्यंत, पोट फुगेपर्यंत. पहिला श्वास फळाचा, दुसरा आंबटपणाचा आणि तिसरा, ते म्हणायचे, “पुढं काय होणार त्याचा.” मग उठून एकच शब्द. “परता”, “झाका” नाहीतर “भरा”. तो शब्द येईपर्यंत दाताळ्याला कुणी हात लावायचा नाही. आबांनी दुसऱ्याच्या भानगडीत जन्मात कधी नाक खुपसलं नाही, पण फळांच्या ढिगात खुपसलं की त्यांना जगाचा विसर पडायचा.

घरात माणसं मोजकी. थोरला मुलगा शहरातल्या गिरणीवर, जिथं वाळलेल्या फळांची सालं काढतात तिथं कामाला. आठवड्यातून एक दिवस घरी. त्याची बायको, जिला सगळे थोरलीच म्हणायचे, ती खाटांची मालकीण. वेचणाऱ्या बायका तिच्या हाताखाली. आणि धाकटा. थोरली ह्या घरात आली तेव्हा हा शाळेत जायचा आणि रोज रबर हरवून यायचा. आता बाप्या झाला होता, कुठं कुठं जाऊन शिकून आला होता, तरी “वहिनी, माझं अमुक कुठं आहे?” हे काही सुटलं नव्हतं.

टाक्याचं खूळ धाकट्याचं. खूळ म्हणायला जीव होत नाही, पण दुसरं काय म्हणू? आदल्या वर्षी कॉफीची चव बघणारे साहेब आले होते. हे साहेब चमच्यातून कॉफी असा काही भुरका मारून ओढायचे की गोठ्यातली गाय मान वळवून बघायची. म्हणून बायकांनी नाव ठेवलं, भुरकेसाहेब. तर त्या भुरकेसाहेबांनी तीन वाट्या भुरकल्या आणि म्हणाले, “स्वच्छ आहे. गोड आहे. पण आबा, अशी मी शंभर ठिकाणी पितो.”

बास. आबा दोन दिवस जेवले नाहीत नीट. धाकट्याला तर ते वाक्य जिव्हारी लागलं. त्यानं कुठूनशी माहिती काढली की आता लोक फळं वाळवायच्या आधी चार-सहा दिवस हवाबंद कोंडून ठेवतात. आत हवा नाही, त्यामुळे फळ कुजत नाही, पण आतल्या आत सावकाश आंबतं आणि त्यातून वेगळाच वास उतरतो. लोक त्यासाठी पिंपं वापरायचे. पण पिंपात मावणार किती? आणि दुपारी पिंप तापतं. धाकट्याला आठवलं शेडमधलं टाकं. नळ येण्याआधी पावसाचं पाणी साठवायला खणलेलं, विटांनी बांधून सिमेंटनं लिंपलेलं, दोन पुरुष खोल, भर उन्हाळ्यातही आतून गार. वर माणूस कसाबसा शिरेल एवढं तोंड आणि त्यावर लोखंडी झाकण. झाकणाला सायकलच्या ट्यूबची पट्टी, मधोमध भोक, भोकातून नळी आणि नळीचं टोक पाण्याच्या बाटलीत. आतली हवा बुडबुड्यांनी बाहेर पडणार, बाहेरची आत जाणार नाही. डोकं होतं पोराला, खोटं कशाला बोला.

हंगामातली उत्तमातली उत्तम फळं, दोन दिवसांची वेचणी, टाक्यात गेली. आत कमरेएवढा थर झाला. झाकण बसलं. दुसऱ्या दिवशी सकाळी बाटलीत पहिला बुडबुडा फुटला आणि बापलेक लहान मुलांसारखे टाळ्या पिटत उठले.

थोरली मात्र त्या आवाजानं वैतागली. बुडुक. बुडुक. बुडुक. खाटांवर फळं परतताना ऐकू यायचा, भांडी घासताना ऐकू यायचा. “आत कुणीतरी बसलंय असं वाटतं हो,” ती एका वेचणाऱ्या बाईला म्हणाली. बाई हसली. “असू दे, मदतीला बोलावू.”

तिसऱ्या दिवशी कोंबडीचं झालं. बाटली ठेवायला शेडच्या कोपऱ्यात एक खड्डा होता, ओंजळभर खोल. कोंबडी नेमकी त्या खड्ड्यात बाटलीला टेकून बसली. दुपारी थोरलीनं बघितलं तर मान टाकलेली. उचलून उन्हात आणली, तर घटकाभरानं डोळे उघडले, उठली आणि भिंतीला धडकली.

“कोंबडीला कॉफी चढली!” आबा डोळ्यांत पाणी येईतो हसले.

थोरलीला हसू आलं नाही. कारण तिचा बाप विहिरी उपसायचा. लहानपणी तीच त्याच्या मागं कंदील घेऊन फिरायची. बाप विहिरीत उतरायच्या आधी कंदील दोरीला बांधून खाली सोडायचा. अगदी पाण्याला टेकेपर्यंत, पाण्यात दुसरी ज्योत दिसेपर्यंत. कंदील जळत राहिला तर उतरायचा. विझला तर सामान आवरून सरळ घरी, मग मालक कितीही आरडाओरडा करू दे. “खाली वाईट हवा बसलीय,” एवढंच सांगायचा. कोंबडीची मान बघून थोरलीला बाप आठवला.

चौथ्या दिवशी धाकट्यानं नमुना बघायला झाकण क्षणभर उघडलं, तेव्हा ती कंदील घेऊन आली. पोत्याची सुतळी होती, त्यातली तीन हात तोडून कंदिलाच्या कडीला बांधली. तोंडातून कंदील हातभर आत गेला नाही तोच ज्योत वाकडी झाली, निळी झाली आणि गेली. पुन्हा लावला, पुन्हा गेली. कुणीतरी बोटांनी चिमटावी तशी.

“वारा लागला असेल,” धाकटा म्हणाला.

“टाक्यात? वारा?” थोरली भडकली. “भाऊजी, तुम्ही शिकून आलात ना? मग मला शिकवा. आत वारा कुठून शिरला?”

धाकट्यानं झाकण ओढून बसवलं. खरं तर त्याला माहीत होतं. शिकवणाऱ्यानं एकदा सांगितलं होतं, पिंप उघडल्यावर लगेच तोंड घालू नका, नाकाला झोंबतं. पण झोंबतं म्हणाला होता, मरतं म्हणाला नव्हता. आणि पिंपात माणूस कुठं उतरतो?

आबा मात्र चिडले. “सूनबाई, चाळीस वर्षं वास घेतोय मी. मला फळाची भीती घालतेस?”

“फळाची नाही, आबा. हवेची.”

“हवेतच वास असतो बाई!”

पण थोरली हटली नाही. त्या संध्याकाळी तिनं धाकट्याला एकटं गाठलं आणि सांगितलं, “झाकण सहाव्या दिवशी उघडायचं ठरलंय ना, ते पाचव्या दिवशी उघडा. दिवसभर, रात्रभर उघडं राहू दे. वाईट हवा निघून जाऊ दे. मग काय उतरायचं ते उतरा. नाहीतर मी ह्यांना निरोप धाडून बोलावून घेते, मग बसा दोघं भाऊ भांडत.”

धाकट्यानं डोकं खाजवलं. उघडं ठेवलं की आंबण्याची चाल बदलणार. वास थोडा उडणार. पण वहिनीचा शब्द त्यानं कधी खाली पडू दिला नव्हता, आणि मनात त्यालाही कुठंतरी कुरतडत होतं. पाचव्या दिवशी सकाळी झाकण निघालं. आबांनी तिच्याशी बोलणं टाकलं. जेवताना मीठ मागायचं तरी धाकट्याकडे बघून मागायचे. तिनं ते मुकाट सोसलं. रुसू देत, ती म्हणाली मनाशी, रुसायला जिवंत तर राहतील.

आता इथं थोडं थांबून सांगतो, कारण पुढं सगळं झरझर होतं. ती हवा जड असते. उघड्या तोंडातून ती उडून जात नाही, हळूहळू वरची पातळ होते, आणि खाली फळं आंबतच असतात, ती नवी घालत राहतात. पाणी जसं खड्ड्यात बसतं तशी ती टाक्यात बसून राहते. हे थोरलीला ठाऊक नव्हतं. तिला वाटलं, दार उघडलं की धूर जातो, तसंच हे.

सहाव्या दिवशी सकाळी ऊन नुकतं खाटांवर चढलं होतं. पाच वेचणाऱ्या बायका पलीकडच्या खाटांवर परतणी करत होत्या. थोरली कंदील घेऊन शेडमध्ये आली, खांद्यावर जाडजूड दोर. आबांनी दोराकडे बघितलं.

“हा कशाला? मी वासरू आहे?”

“कमरेला बांधा, आबा. माझ्यासाठी.”

“आधी तुझा दिवा बघ. दिवा विझला तर मी उतरतच नाही, मग तर झालं? आणि जळला तर दोरही नको नि कटकटही नको. बोल, कबूल?”

झाकण निघाल्यापासून पहिल्यांदा ते तिच्याशी सरळ बोलले होते. तिला इतकं बरं वाटलं की डोळे भरून आले. “कबूल,” ती म्हणाली.

ती टाक्याच्या तोंडापाशी उकिडवी बसली. तीच सुतळी, तोच कंदील. हातभर सोडला. जळत होता. दोन हात. जळत होता. सुतळी संपली, गाठ तिच्या बोटांत आली, आणि खाली अंधारात कंदील पिवळाधमक जळत होता. तिनं मनात वीस अंक मोजले. ज्योत हलली नाही.

“जळतोय!” ती ओरडली. “आबा, जळतोय की!”

“मग? मी काय सांगत होतो?” आबांनी तिच्या डोक्यावर टपली मारली. असं ते तिला नवी नवरी असताना मारायचे. तिनं दोर स्वतःच्या हातानं उचलून खुंटीला टांगला.

शिडी आत गेली. फळांच्या थरावर आधीच एक फळी टाकून ठेवली होती. आबा उतरले. फळीवर उभे राहिले, वर बघून हसले. अंधारात त्यांचं टक्कल तेवढं चमकत होतं. धाकटा वरून वाकून बघत होता.

“काय आबा, कसं वाटतंय?”

“गार आहे रे! आणि वास...” त्यांनी उभ्या उभ्याच नाक वर केलं. “इथूनच येतोय. आला रे आला!”

उभे होते तोवर त्यांना काही झालं नाही. हे लक्षात घ्या. त्यांचं डोकं जिथं होतं तिथली हवा बरी होती. कंदिलानं खोटं सांगितलं नव्हतं.

मग आबांनी गुडघे टेकले. डोळे मिटले असणार, ते वरून दिसलं नाही. कानांपर्यंत तोंड फळांत खुपसलं. खांदे वर चढले. पहिला श्वास. खांदे खाली आले. पुन्हा वर चढले, दुसरा. तिसऱ्याला खांदे वर चढले आणि तसेच राहिले. मग आबा एका कुशीवर कलंडले, दमलेला माणूस अंथरुणावर पडतो तसे.

“आबा?” धाकटा म्हणाला. मग ओरडला, “आबा!”

त्याच क्षणी थोरलीला सगळं समजलं. धाकट्याचा पाय शिडीच्या पहिल्या पायरीवर पडला होता. तिनं मागून त्याच्या कमरेला मिठी मारली, दोन्ही हातांची बोटं एकमेकांत अडकवली आणि सगळं अंग मागं टाकलं. दोघंही जमिनीवर आपटले.

“सोड! वहिनी, सोड! बाप आहे माझा!”

“नाही सोडणार! तुम्हीही राहाल आत!”

त्यानं कोपर मारलं. तिचा ओठ फाटला. ती बायकांच्या नावानं ओरडत होती, पण हात सुटले नाहीत. ज्या पोराला तिनं हाताला धरून शाळेत नेलं होतं, त्याला आज ती त्याच्या बापाकडे जाऊ देत नव्हती. “दोर बांधल्याशिवाय नाही! आधी दोर! दोर आणा गं कुणीतरी!” बायका धावत आल्या. खुंटीवरचा दोर निघाला, त्याच्या छातीला गाठ बसली, दुसरं टोक पाच बायकांच्या हातात गेलं. श्वास कोंडून धरा, तोंड उघडू नका, ती सांगत होती. तो उतरला. वाकला. बापाच्या काखेत हात घातले आणि उचलायला गेला. अंग ओंडक्यासारखं जड झालं होतं. जोर लावताना त्याच्या तोंडातून कोंडलेला श्वास सुटला आणि दुसरा आत गेला. गुडघे मुडपले.

“ओढा!”

पाच बायका आणि थोरली. त्याला पोत्यासारखा वर घेतला, फरफटत उन्हात नेला. तो ओकला, थरथरला, डोळे उघडले आणि पहिला शब्द, “पुन्हा सोडा.” दुसऱ्या खेपेला तो उचलायच्या भानगडीत पडला नाही. बरोबर नेलेल्या दुसऱ्या दोराचा फास तेवढा बापाच्या काखेतून ओवला आणि श्वास टिकला तोवर शिडी चढून वर आला. मग आबांना ओढलं.

उन्हात, खाटांच्या मधल्या वाटेवर, त्यांना झोपवलं. तोंडाला, दाढीला लाल गर लागला होता. धाकट्यानं छाती दाबली, तोंडात फुंकर घातली, किती वेळ कुणी मोजला नाही. कोंबडी उन्हात उठली होती. आबा उठले नाहीत.

त्यानंतर महिनाभर त्या घरात माणसं बोलायची ती फक्त कामापुरती. थोरला आला, रडला, काही दिवसांनी परत गिरणीवर गेला. वेचणाऱ्या बायकांत कुजबुज सुरू झाली. एक म्हणायची, तिनं धरून ठेवलं नसतं तर म्हातारा वाचला असता. दुसरी म्हणायची, धरलं नसतं तर दोघं गेले असते, तू काय डोळे मिटून होतीस? हे थोरलीच्या कानावर यायचं. आणि हे बोलणं कानावर आलं की धाकटा, तो एकटा, दाताळं आपटून म्हणायचा, “वहिनीमुळे मी उभा आहे. तिनं दिवा सोडून बघितला होता. नीट बघितला होता. तिची काही चूक नाही. पुन्हा कुणी बोललं तर बघा.”

तो असं बोलला की थोरली उठून आत जायची. त्याला वाटायचं, वहिनीला रडू येतं.

टाक्यातली फळं टाकून द्यावी असं सगळ्यांचं मत पडलं. धाकट्यानं ऐकलं नाही. पंखा लावून दिवसभर आत वारा मारला, मग वरूनच लांब दाताळ्यानं ओढून बादलीनं फळं काढली, खाटांवर पसरली. “आबांनी ‘आला’ म्हटलंय,” तो म्हणाला. “मी वाळवणार.” दर तासाला परतली. दुपारी झाकली. फळं आक्रसली, काळपट जांभळी झाली, मूठभर उचलून हलवली की आत बी खुळखुळायला लागलं. भरायची वेळ झाली की नाही, हे सांगायला कुणी नव्हतं. त्या दिवशी धाकटा खाटेपाशी उभा राहून म्हणाला, “वहिनी, तू बघ.” ती वाकली. नाक फळांपासून वीतभर वर राहिलं, त्याखाली काही केल्या जाईना. “भरा,” ती घाईघाईनं म्हणाली आणि मागं सरली.

भुरकेसाहेब आले ते दुपारचे. टेबल शेडमध्येच मांडलं, टाक्याच्या बंद झाकणापासून चार पावलांवर. थोडं बी भाजून, दळून, वाट्यांत गरम पाणी ओतलं. साहेबांनी चमचा बुडवला, भुरका मारला. दुसरा मारला नाही. चमचा हातात धरून तसेच बसले.

“आबांना हे प्यायला हवं होतं,” ते म्हणाले. मग खालच्या आवाजात, “कसं झालं हो?”

धाकट्यानं सांगितलं. सगळं सांगितलं. आणि शेवटी नेहमीचं, “वहिनीनं आधी कंदील सोडून बघितला होता, साहेब. जळत होता. नशिबाचा खेळ, दुसरं काय.”

साहेब हिंडलेले माणूस. त्यांनी हे दुसरीकडे बघितलं होतं. ते थोरलीकडे वळले आणि अगदी साधेपणानं, फळं किती दिवस वाळवली असं विचारावं तसं विचारलं, “कंदील कुठवर सोडला होता, बाई? फळांना टेकला होता?”

थोरलीला पळून जाता आलं असतं. हो म्हणता आलं असतं. कुणी बघितलं होतं? कंदील सोडला तेव्हा तिच्याजवळ आबा तेवढे होते आणि ते गेले. धाकटा तिच्याकडे बघत होता, हो म्हण, असं त्याच्या डोळ्यांत स्वच्छ लिहिलेलं होतं.

ती आत गेली. तांदळाच्या डब्यामागून सुतळी काढून आणली आणि टेबलावर, वाट्यांच्या मधोमध ठेवली.

“तीन हात आहे,” ती म्हणाली. “चौथ्या दिवशी तोडली. तेव्हा दिवा हातभरात विझत होता, तेव्हा एवढी पुरली. त्या दिवशी तीच घेतली. मी दोन वेळा मोजलं, भाऊजी. फळांपासून हात-दीड हात वर राहिला कंदील. माझा बाप पाण्याला टेकवायचा. मला ठाऊक होतं. मी... मला आबा बोलले म्हणून आनंद झाला होता. मी बघितलंच नाही.”

धाकट्यानं सुतळी उचलली. टाक्याचं झाकण सरकवलं. आत आता काहीच नव्हतं, कोरडं ठणठणीत. तो काठावर पालथा पडला, सुतळीचं टोक बोटांत धरून हात खांद्यापर्यंत आत सोडला आणि किती तरी वेळ तसाच पडून राहिला.

“असं पालथं पडून सोडला असता,” तो आतमध्येच म्हणाला, आवाज टाक्यात घुमला, “तर पुरली असती, वहिनी. हीच सुतळी पुरली असती.”

“हो,” थोरली म्हणाली.

तो उठला. कपड्यांवरची धूळ झटकली नाही. साहेबांकडे नाही, तिच्याकडे नाही, कुणाकडेच न बघता त्यानं कोपऱ्यातलं दाताळं उचललं, कारण तास भरत आला होता आणि बाहेर शेवटच्या वेचणीची फळं परतायची होती. दारापर्यंत जाऊन तो थांबला.

“तुम्ही नका येऊ,” तो म्हणाला.

सतरा वर्षांत त्यानं तिला पहिल्यांदाच ‘तुम्ही’ म्हटलं होतं.